अहो, कुणीतरी आलंय

माझी ताई घाबरट आहे. हे मी तिच्या तोंडावर सांगते, त्यामुळे इथं सांगायला काही हरकत नाही. दूध उतू जाईल म्हणून ती घाबरते, आणि बराच वेळ उतू गेलं नाही तर गॅस संपला की काय म्हणून घाबरते. इस्पितळाच्या लाँड्रीत ती कामाला आहे. दिवसभर चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले वाफेच्या इस्त्रीखाली सरकवायचे. मनगटांवर भाजल्याचे डाग आहेत, त्याचं तिला काही वाटत नाही. पण दाराची घंटी वाजली की जागच्या जागी दचकते.

मी धाकटी. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. शिकणारा चाकावर, मी शेजारच्या सीटवर, आणि माझ्या पायाखाली माझा वेगळा ब्रेक. पगार घेऊन दिवसभर मरणाच्या शेजारी बसते, म्हणून मला कुणी भित्री म्हणत नाही. ताईच्या आयुष्यात असा दुसरा ब्रेक कुणी बसवला नव्हता. नवऱ्याकडून अपेक्षा होती, पण तो माणूस चालत्या गाडीतून उतरून गेला.

भाऊजी गेले म्हणजे वारले नाहीत. तेवढंही सरळ काम त्यांच्याकडून झालं नाही. बदली झाली म्हणून दुसऱ्या शहरात गेले. आधी दर रविवारी यायचे, मग महिन्यातून, मग नुसता फोन. मग तो फोनही एक बाई उचलायला लागली. भांडण नाही, कोर्ट नाही, कागद नाही. ताईनं कुणाला काही सांगितलं नाही आणि भाऊजींना तर सांगायची गरजच वाटली नाही. बिट्टी, म्हणजे माझी भाची, तेव्हा शाळेत होती, दोन वेण्या घालून जायची.

त्याच सुमाराला गल्लीतला एक शेगडी दुरुस्त करणारा माणूस ताईकडे येऊन गेला. शेगडी दुरुस्त केली, पैसे घेतले, गेला. दुसऱ्या दिवशी आला, शेगडी नीट पेटते ना, विचारायला. मग परत आला, पकड विसरली म्हणे. मग एका संध्याकाळी आला तेव्हा कारण सांगायच्याही भानगडीत पडला नाही. "साहेब हल्ली दिसत नाहीत," म्हणाला, आणि बोलता बोलता एक पाय उंबऱ्याच्या आत ठेवला. ताईनं दार लोटलं, त्याचा पाय चेंगरला की नाही देव जाणे, मला तर चेंगरला असावा असंच वाटतं. कडी लावून ती दाराला पाठ टेकून खाली बसली आणि बिट्टीला पोटाशी धरून बसून राहिली. मला हे कितीतरी दिवसांनी कळलं. आधी कळलं असतं तर त्या माणसाची शेगडी मी त्याच्याच डोक्यात घातली असती.

दुसऱ्या दिवशी ताईनं भाऊजींचा मागे राहिलेला निळा शर्ट काढला, धुतला आणि गॅलरीत वाळत घातला. त्यांचे जुने बूट पॉलिश करून दाराबाहेर ठेवले. आणि संध्याकाळी घंटी वाजली तेव्हा, कडी न काढता, आतल्या रिकाम्या खोलीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "अहो, कुणीतरी आलंय, बघता का?"

बाहेर कुणीतरी जिना उतरून गेलं. शेगडीवाला पुन्हा आला नाही.

झालं! औषध लागू पडलं, मग ते कोण सोडतं? तेव्हापासून त्या घराची ती रीतच झाली. शर्ट आलटून पालटून वाळायचे. बूट दर रविवारी पॉलिश व्हायचे. घंटी वाजली की ताई म्हणायची, "अहो, कुणीतरी आलंय." ताई कामावर असली की बिट्टी म्हणायची, "बाबा, तुम्ही बसा, मी बघते." मी थट्टा करायचे. म्हणायचे, "ताई, भाऊजी होते तेव्हा तू त्यांना एवढ्या हाका मारल्या नाहीस गं!" ती हसायची, पण हाक सोडायची नाही. बिट्टी वाढली, वेण्या गेल्या, बारावी झाली, आणि पोरीला औषधशास्त्राच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. दुसऱ्या शहरात. फी ऐकून ताईनं पदरानं कपाळ पुसलं.

कॉलेजची आर्थिक मदत होती. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांची जवळजवळ सगळी फी माफ व्हायची. ताईच्या पगारावर बिट्टीला ती मिळायला काहीच अडचण नव्हती. अर्ज ताईनं लाँड्रीत जेवणाच्या सुट्टीत बसून भरला, सुवाच्य अक्षरात, एकटीनं. त्यात विचारलं होतं, आई-वडील एकत्र राहतात का? माझ्या शहाण्या बहिणीनं लिहिलं, हो. वडिलांचा हुद्दा, कंपनी, सगळं व्यवस्थित लिहिलं.

नकार आला तेव्हा आम्हाला हे कळलं. दोघांचं उत्पन्न मिळून मर्यादेच्या कितीतरी वर गेलं होतं. भाऊजी मोठ्या पगारावर आहेत, फक्त तो पगार या घरात येत नाही.

"आई, तू काय लिहिलंस हे?" बिट्टीचा आवाज चिरकला.

ताई म्हणाली, "अगं, तो कागद किती हातांतून जातो. कुणी वाचलं असतं, या दोघी बायका एकट्याच राहतात म्हणून... पत्ता पण लिहिलेला असतो वर."

मी ताईच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिला खरंच वाटत होतं की तो शेगडीवाला कॉलेजच्या कचेरीत बसून अर्ज वाचतोय. भीतीला कुठं अक्कल असते?

आम्ही तिघी कॉलेजात गेलो. मी चार तास गाडी चालवली, मागच्या सीटवर ताई खिडकीच्या वरची कडी धरून बसली होती. खिडकीतल्या कारकुनानं आमचं ऐकून घेतलं आणि पेनाचं टोपण लावत म्हणाला, "मदत नाकारली की लोकांचे नवरे लगेच पळून जातात. दर वर्षीचं आहे हे."

"तोंड सांभाळून बोला," मी म्हणाले.

"मी सांभाळूनच बोलतोय, बाई. यांनीच लिहून दिलंय एकत्र राहतो म्हणून. आता म्हणतात राहत नाही. यातलं एक खोटं आहे ना? घटस्फोटाचा कागद आणा. नाहीतर त्यांच्याकडून लिहून आणा. तेही नसेल तर आमच्या तपासनीस बाई न कळवता घरी येतील, शेजारी विचारतील. आणि खोटी माहिती दिली असं ठरलं तर मदत राहू द्या, प्रवेशच रद्द होतो."

प्रवेशच रद्द. बिट्टीनं खिडकीचा कठडा घट्ट धरला. येताना गाडी मीच चालवत होते. माझे स्वतःचे हात चाकावर घामेजले होते, आणि बाजूच्या सीटवर ब्रेक दाबणारं कुणी नव्हतं.

ताईनं भाऊजींना फोन केला. त्या बाईनं उचलला, मग त्यांना दिला. भाऊजी म्हणाले, "मी काही लिहून देणार नाही. उद्या तोच कागद घेऊन पोटगी मागायला येशील." आणि ठेवला. पोरीचं नावही काढलं नाही त्यांनी. त्या दिवशी मी त्यांना ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहीत नाही, बिट्टी हे वाचेल.

राहिली घरची तपासणी. मी ताईला म्हटलं, "आधी ते शर्ट काढ. बूट काढ. दारावरची त्यांच्या नावाची पाटी काढ. ती बाई येईल आणि बघेल काय? नवऱ्याचा धुतलेला शर्ट!"

ताईनं सगळं काढलं, गोणीत भरलं, गोणी पलंगाखाली ढकलली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेले तर पाटी दारावर होती, बूट दाराबाहेर चकाकत होते आणि गॅलरीत शर्ट होता.

"अगं, ताई!"

"ती बाई एकदा येणार," ताई म्हणाली. "गल्ली रोज बघते."

मग ते असंच चाललं. बिट्टी सकाळी बूट आत घ्यायची, ताई दिवे लागले की बाहेर ठेवायची. बिट्टी शर्ट काढायची, ताई वाळत घालायची. दोघींचं जेवणातलं लक्ष उडालं. जिन्यात पावलं वाजली की दोघी एकमेकींकडे बघायच्या. आधी त्यांना एकच भीती होती, की कुणाला कळेल तो इथं राहत नाही. आता दुसरीही आली, की कुणाला पटणार नाही तो इथं राहत नाही.

बिट्टी मला एकदा जिन्यात म्हणाली, "मावशी, प्रवेश गेला तर मी आईवर कधी रागावणार नाही, असं मी ठरवलंय. पण मला भीती वाटते, मी रागावेन." मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि काहीतरी विनोद केला. काय केला ते आठवत नाही, चांगला नसणार.

माझ्या सुट्टीच्या दिवशी दुपारी मी ताईकडे होते. ताईची पाळी सकाळची होती, ती नुकतीच घरी आली होती. बिट्टी आत केस विंचरत होती. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. घंटी वाजली.

आणि ताई, हातातली पिशवी खाली ठेवता ठेवता, सवयीनं, खणखणीत आवाजात म्हणाली, "अहो, कुणीतरी आलंय, बघता का?"

माझ्या हातातली साखर ओट्यावर सांडली. बिट्टी फणी हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. ताईला तेव्हा कळलं आपण काय केलं ते. तिनं तोंडावर हात ठेवला, पण आता काय उपयोग? घंटी पुन्हा वाजली.

दारात एक जाड बाई होत्या, जिना चढून धापा टाकत, काखेत फाइल. "कॉलेजकडून आलेय," म्हणाल्या. बुटांकडे बघितलं, त्या सकाळी बूट आणि शर्ट दोन्ही आत घ्यायचं राहून गेलं होतं. मग आत येऊन गॅलरीतल्या शर्टाकडे बघितलं. खुर्चीवर न बसताच म्हणाल्या, "खालचे घड्याळवाले म्हणाले साहेब वरच आहेत, आत्ताच दिसले होते. तुम्हीही हाक मारलीत. बोलवा त्यांना."

बिट्टीनं फणी खाली ठेवली.

"बाई, अहो, ती सवय आहे तिची," मी पुढे झाले. "तो माणूस इथं..."

"तुम्ही कोण?"

"बहीण."

"नातेवाइकांचं मी लिहून घेत नाही. यांना बोलू द्या." त्या ताईकडे वळल्या. "तुमचे मिस्टर आत आहेत की नाहीत?"

ताईचे ओठ हलले, आवाज निघेना. मला वाटलं, संपलं. ही बोलायची नाही. एवढ्या वर्षांत हिनं हे वाक्य मलासुद्धा कधी पूर्ण सांगितलं नव्हतं, मी आपलं अर्ध्यावरून समजून घेतलं होतं. आता या अनोळखी बाईसमोर कशी सांगेल? बिट्टीचं औषधशास्त्र, तिचं सगळं पुढचं आयुष्य, त्या एका वाक्यावर टांगलेलं, आणि वाक्य होतं माझ्या घाबरट बहिणीच्या घशात.

"आई," बिट्टी हळूच म्हणाली. "सांग ना गं."

ताईनं तिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तो गेला. मला सोडून गेला. आत कुणी नाही. मी हाक मारते ती कुणालाच मारत नाही." आणि मग बांध फुटल्यासारखी बोलत सुटली. शेगडीवाला, उंबऱ्यावरचा पाय, शर्ट, बूट, सगळं. "या पोरीला पण मी तेच शिकवलं, बाई. शाळेतून घरी येऊन ही रिकाम्या घरात बाबा बाबा करायची. माझं काय, माझं गेलं असंच. पण हिनं तरी शिकावं, चार पैसे कमवावे, आणि घंटी वाजली की सरळ जाऊन दार उघडावं. कुणाला हाक न मारता. एवढंच हवंय मला. दुसरं काही नको."

तपासनीस बाई उभ्याच होत्या. मग म्हणाल्या, "पुन्हा मारा हाक."

"काय?"

"मघाशी मारलीत तशी."

ताईनं आमच्याकडे बघितलं. मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "अहो..." आवाज फाटला. पुन्हा म्हणाली, "अहो, कुणीतरी आलंय."

आम्ही चौघी ऐकत उभ्या राहिलो. आत पंखा फिरत होता, चहा उकळून उतू जात होता. मूर्खपणा बघा, मीसुद्धा त्या दाराकडे बघत होते. कुणी आलं नाही. तपासनीस बाई खुर्चीवर बसल्या आणि चष्मा काढून पुसायला लागल्या.

"मी दिसलं ते लिहीन," त्या म्हणाल्या. "पण शेजाऱ्याची सही लागते, आणि तुमचा शेजारी तर म्हणतो साहेब घरात आहेत."

ताई उठली. मला वाटलं बिट्टीला पाठवेल किंवा मला. पण ती स्वतः चप्पल घालून खाली गेली, आम्ही तिघी मागे. घड्याळकाका तळमजल्यावर आपल्या घरातच घड्याळं दुरुस्त करतात, डोळ्याला भिंग लावून बसलेले होते. ताई त्यांच्या टेबलापाशी उभी राहून म्हणाली, "काका, बिट्टीचे बाबा इथं राहत नाहीत. कधीपासूनच नाहीत. मी तुम्हाला फसवत होते."

काकांनी भिंग काढलं. "मला कुठं फसवलंत?" ते म्हणाले. "मी तुमच्या पायाखाली राहतो, वहिनी. तुम्ही हाक मारता, मग वर कुणी चालत नाही. तुमचीच पावलं दाराकडे येतात. रोज ऐकतो."

"मग या बाईंना का सांगितलंत, आत्ताच दिसले म्हणून?"

"कुणीही विचारलं तरी मी तेच सांगतो. गॅसवाला, मीटरवाला. तुम्हाला तसं हवं होतं ना?" काका बिचारे ओशाळले. "मला काय माहीत या बाईंना उलटं हवंय!"

तपासनीस बाई हसल्या, मीही हसले, आणि ताई रडली. काकांनी सही केली, समोरच्या घरातल्या नर्सबाईंनीही केली. त्यांनाही माहीत होतं. सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. ताईला याचा आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. तिचा चेहरा पांढरा पडला. जिना चढताना माझा दंड धरून म्हणाली, "म्हणजे मी इतकी वर्षं एकटीच होते, आणि सगळ्यांना माहीत होतं?"

निकाल येईपर्यंत आमच्या जिवात जीव नव्हता. तो कारकून काहीतरी खुसपट काढेल असंच वाटायचं. पण मदत मंजूर झाली. बिट्टीनं मला फोनवर नुसतं "मावशी" म्हटलं आणि मी भर रस्त्यात शिकाऊ मुलाला गाडी बाजूला घ्यायला लावली. त्यानं घाबरून ती फुटपाथवर चढवली. मी त्याला ओरडलेसुद्धा नाही.

पोरगी गेली. वसतिगृहात जागा नव्हती, म्हणून कॉलेजजवळच एक खोली घेतली, वर्गातल्या एका मुलीबरोबर. ताईनं दारावरची पाटी काढली. बूट काढले. शर्टांची तिनं फडकी केली आणि एक फडकं मला गाडीची काच पुसायला दिलं. घंटी वाजली की अजून तिचं तोंड उघडतं, मग ती ते मिटते आणि जाऊन दार उघडते. "तिकडे बिट्टी उघडत असेल ना, तशीच मीही उघडते," मला म्हणाली.

थंडी सुरू झाल्यावर ताईनं बिट्टीसाठी रजई शिवली आणि मी ती द्यायला गेले. न कळवता गेले, म्हटलं जरा गंमत. संध्याकाळ होत आली होती. जिन्यातला दिवा गेलेला. मी घंटी दाबली.

आतून बिट्टीचा आवाज आला, मोठा, खणखणीत. "बाबा, तुम्ही बसा, मी बघते!"

आणि आत एक पुरुष खोकला.

भाऊजी? इथं? दाराला साखळी लागल्याचा आवाज झाला, दार चार बोटं उघडलं, आणि फटीत बिट्टीचा एक डोळा दिसला. मी तो डोळा ओळखला नाही. तो माझ्या भाचीचा नव्हता, त्या संध्याकाळी दाराला पाठ टेकून बसलेल्या माझ्या ताईचा होता.

"बाबांना बसू दे," मी म्हटलं. "मावशी आहे."

साखळी निघाली. आत तिची मैत्रीण उभी होती, काडीसारखी बारीक, चष्मा लावलेली, मूठ अजून तोंडाशी धरलेली. खोकला तिचा होता. छान बसवला होता, सराव केल्याशिवाय येत नाही तसा. खिडकीबाहेर दोरीवर एक मोठा शर्ट वाळत होता, नवा, घडीच्या खुणा न मोडलेला.

"खालच्या मजल्यावर एक जण आहे," बिट्टी म्हणाली. "सारखा साखर मागायला येतो." मग माझा हात धरला. "मावशी, आईला सांगू नकोस हं. तुला शपथ."

मी खालच्या मजल्यावर गेले, दार वाजवलं, आणि त्या साखरवाल्याला जे सांगायचं ते सांगितलं. तो पुन्हा येणार नाही. पण दुसरा कुणी येईल, हे मलाही माहीत होतं आणि वर बसलेल्या त्या दोघींनाही.

परत ताईच्या घरी आले तेव्हा ती दारातच उभी होती. रजई आवडली का, खोली कशी आहे, पोरगी वाळलीय का, सगळं विचारून झालं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू घंटी वाजवलीस तेव्हा काय केलं गं तिनं?"

"काय करणार?" मी म्हटलं. "आली आणि सरळ दार उघडलं."

ताईनं डोळे मिटले. "बरं झालं," म्हणाली. "बाई गं, बरं झालं," आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेली.